मागच्या डाव्या सीटचं वजन

माझी मिनीबस बालाघाटकडच्या उकव्याच्या घाटात एकाच वळणावर डावीकडे ओढायची. कटंगीच्या सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सोडून तंबाखू मळली तरी ती सरळ जायची. घाटात मात्र दगडांचा तो ढीग जवळ आला की चाक हातातून हळूच कुणी तरी मागून घेतंय असं वाटायचं. झटका नाही, आवाज नाही. बाजारात लहान पोर बापाला खेळण्यांच्या दुकानाकडे ओढतं, तेवढंच.

ढीग दरीच्या बाजूला, सागाखाली आहे. त्याला शेंदूर नाही, झेंडा नाही, नावही नाही. येणारा-जाणारा एक दगड ठेवतो आणि पुढे जातो. माझा ड्रायव्हरही ठेवायचा. गाडी थांबवायची, उतरायचं, दगड ठेवायचा, हात झटकायचे, मग परत येऊन गिअर टाकायचा. मी खाणीच्या ठेकेदाराचे मजूर गावागावांतून उचलून शिफ्टला पोचवतो. शिफ्ट दगडासाठी थांबत नाही. उशीर झाला की ठेकेदार मला झापायचा, ड्रायव्हरला नाही. एक दिवस मी स्वतः गाडीत असताना त्याने ब्रेक दाबला, तेव्हा मी सगळ्या मजुरांसमोर सांगितलं, ‘‘आजपासून इथं गाडी थांबली तर तुले इथंच सोडून जाईन.’’

‘‘हौ सेठ,’’ तो म्हणाला. पुन्हा तिथे गाडी थांबली नाही. मी बरोबर केलं होतं. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन.

होळीच्या तोंडावर तो काम सोडून गेला. गाडीची किल्ली माझ्या बायकोच्या हातात दिली, ‘‘वहिनी, सेठले सांगजा,’’ एवढं म्हणाला आणि गेला. काय सांगायचं, ते सांगितलं नाही. मला सांगायची गरजही नव्हती. हे काम माझ्या साडूचं, हे मी तिथेच ओळखलं. आम्ही दोघांनी मिळून धंदा सुरू केला होता. मी कटंगीच्या बाजारात भाजीची पोती उतरवून वर आलेला माणूस. तो सासऱ्याच्या ओसरीवर बसून वर आला. वेगळे झालो तेव्हा नवी गाडी त्याच्याकडे गेली, ही जुनी माझ्याकडे आली, आणि सगळ्या नात्यागोत्यात भांडकुदळ म्हणून नाव झालं ते माझं. आता त्याला माझा उकव्याचा रूट हवा होता. आधी ड्रायव्हर फोडला, असा मी हिशेब लावला. ड्रायव्हरला फोन केला नाही. आपण का करायचा?

तेव्हापासून गाडी मीच चालवू लागलो आणि चाकाची ती ओढ माझ्या हाताला कळली. आणखी एक गोष्ट कळली. मजूर मागच्या डाव्या सीटवर बसत नव्हते. दोघांच्या जागेत तिघं कोंबून बसतील, दाराशी उभे राहतील, पण ती सीट रिकामी. एकदा मी आरशात बघत ओरडलो, ‘‘सीट काय पाहुण्यासाठी ठेवली काय?’’

एक म्हातारी खालमानेनं म्हणाली, ‘‘थंड लागते तिथं, भाऊ.’’

बालाघाटचा मे महिना, पत्रा तापून पापड भाजावा असा, आणि हिला थंड लागतं. मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

त्याच महिन्यात गाडीचा फिटनेस संपला. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी एकदा तपासणी असते, त्यानंतर दरवर्षी. माझी गाडी कधीच आठ ओलांडून गेलेली. आधी हे काम सोपं होतं. दलालाला कागद द्यायचे, साहेब मैदानात येऊन गाडीभोवती एक चक्कर मारायचे, झालं. या वेळी दलाल म्हणाला, ‘‘अब नहीं होता सेठ. मसीन देखती है. गाडी नेऊनच दाखवा लागते.’’

‘‘मसीनवाल्याशी बोलून घे.’’

‘‘मसीनवाला कोई है ही नहीं. मसीनच आहे.’’

ठेकेदाराने त्याच संध्याकाळी फोन केला. परवा दुपारपर्यंत फिटनेस दाखव, नाही तर तुझ्या साडूची गाडी लावतो. साडूचं नाव त्याच्या तोंडून ऐकलं आणि मी जेवणाच्या ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर वेळ घेऊन तपासणी केंद्र शोधायला निघालो. नकाशाने एका बंद राइस मिलच्या फाटकासमोर उभं केलं. एकाने बैहर रोड सांगितला, दुसऱ्याने तो नाहीच म्हणून शपथ घेतली. शेवटी चहाच्या टपरीवरचा माणूस कपबश्या विसळता विसळता म्हणाला, ‘‘वो मसीनवाला? सीधे चले जाओ. जहाँ कोई आदमी ना दिखे, वहीं है.’’

तसंच होतं. धानाच्या रिकाम्या शेतांमध्ये लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही टोकांना उघडी. आत जमिनीत जागच्या जागी फिरणारे लोखंडी रूळ बसवलेले, वर हिरवा-लाल दिवा. दलाल नाही, पानाचा ठेला नाही, कुणाचा आरडाओरडा नाही. मी आयुष्यभर माणसांशी भाव करून इथवर आलो. तिथे भाव करायला माणूसच नव्हता. कर्ण्यातून एका बाईचा आवाज आला, ‘‘चाबी गाड़ी में छोड़िए. मालिक काँच के पीछे बैठे.’’

केंद्राचा एक माणूस माझी गाडी आत घेऊन गेला. मी काचेमागे बसलो. शेजारच्या टेबलावर पडद्यांसमोर ती बाई होती, गळ्यात ओळखपत्र, डोळे पडद्यावर. इन्शुरन्स, प्रदूषणाचा कागद, रेडियमची पट्टी, स्पीड गव्हर्नर, हॉर्न, वायपर, दिव्यांचा झोत, सगळं एकेक करून हिरवं होत गेलं. मग गाडीची मागची चाकं रुळांवर आली. रूळ फिरू लागले, चाकं फिरू लागली, आणि गाडी जागची हलली नाही. रिकामी गाडी भर वेगात कुठेही जात नाही, हे बघवेना. मागच्या काचा थरथरत होत्या. डाव्या बाजूच्या काचेवर आतून वाफ धरल्यासारखा पांढुरका डाग होता. सकाळी मी ती काच स्वतः पुसली होती.

बाईने माइक ओढला. ‘‘पीछे कौन बैठा है? सवारी उतारो.’’

आतल्या माणसाने खिडकीतून डोकं काढलं. ‘‘कोई नहीं है मैडम.’’

‘‘बाएँ पहिये पर वज़न आ रहा है. उतारो उसको.’’

तो माणूस मागे वळून बघत राहिला. मग दार उघडून खाली उतरला, बऱ्यापैकी घाईत, आणि शेडच्या बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला.

मी भडकलो. मशीन बिघडली असेल, तुमचे रूळ वाकडे असतील, मी वीस गाड्या बघितल्यात, मला शिकवता काय, असं बरंच बोललो. बाई शांत होती. ‘‘भाऊ, माझ्यावर रागावून आकडा बदलत न्हाई,’’ ती एकदम मराठीत म्हणाली. ‘‘ब्रेक डावीकडं वेगळा लागून राह्यला, उजवीकडं वेगळा. फरक जास्त आहे, नापास. जे असन ते काढा, दुरुस्त करा, उद्या सकाळी परत आना. तेवढंच परत तपासू.’’

उद्या दुपारी ठेकेदाराची मुदत होती.

मी गाडीत शिरलो. मागच्या डाव्या सीटखाली लाकडी पेटी आहे. तिच्यात जॅक आणि पाने असतात, वर ड्रायव्हरची जुनी चादर. तो गेल्यापासून पंक्चर झालं नव्हतं, म्हणून पेटी उघडलेली नव्हती. चादर ओढली, फळी उचलली.

पेटी दगडांनी भरलेली होती. फेकलेले दगड नव्हे. नदीतले गुळगुळीत, मुठीएवढे, बाजारात पेरू रचावेत तसे ओळीने रचलेले. जॅक एका कोपऱ्यात दाबून बसवला होता. वरचा एक दगड हातात घेतला. गार होता. आणि ओला.

केंद्राचा माणूस दारातून बघत होता. मी हात शर्टाला पुसले आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ड्रायव्हरला फोन लावला, स्पीकरवर.

‘‘कुठं आहेस बे?’’

‘‘तिरोडीले सेठ. घरीच.’’

‘‘साडूच्या गाडीवर नाही?’’

‘‘कोनाच्याच गाडीवर नाही. आता गाडी सोडली म्या.’’

‘‘माह्या सीटखाली दगड काहून भरले?’’

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, ‘‘सापडले काय?’’

‘‘सापडले काय म्हंजे? मसीनीनं तोलून दाखवले!’’

‘‘सेठ, तुमी म्हनलं थांबू नको. मी नाही थांबलो. पन दगड तर द्याच लागते नं. रोज सकाळी वैनगंगेवरून एक आनून पेटीत ठेवत होतो आन् तिथं गाडी आली का मनातल्या मनात हात जोडत होतो. म्हनलं, कधी तुमी हो म्हनसान, तवा सारे नेऊन ठेवीन.’’

‘‘मंग पळून काहून गेला?’’

‘‘लोक दगड काहून ठेवते, तुमाले मालूम आहे काय?’’

‘‘मले काय करायचं त्याचं?’’

‘‘त्याले बसाले ठेवते, सेठ. कोन व्हता काय व्हता, कोनाले मालूम नाही, रस्त्यावर मेला एवढंच. दगड भेटला का तो तिथंच बसते. नाही भेटला का गाडीत येऊन बसते.’’ त्याचा आवाज खाली गेला. ‘‘होळीच्या आधी माह्या ध्यानात आलं. दगड सारे तर गाडीत. म्हंजे म्याच त्याले बसाले जागा करून देल्ली. तिथं, मागं. मंग पेटीले हात लावाची हिंमत नाही झाली.’’

केंद्राचा माणूस दारातून दोन पावलं मागे सरला.

मी फोन कापला. एक दगड उचलून शेडमागच्या बांधावर भिरकावणार, तेवढ्यात तोच माणूस ओरडला, ‘‘यहाँ नहीं! सेठ, यहाँ मत उतारो. हमको यहाँ रोज बैठना है.’’

दगडाला भ्यायचं माझं वय नव्हतं. पण उद्या सकाळी याच माणसाच्या हाताखालून गाडी जायची होती. दगड परत पेटीत ठेवला आणि घाटाकडे निघालो.

पोचलो तेव्हा तिन्हीसांज होत होती. त्या दिवशी वळण येण्याआधीच गाडी डावीकडे झुकायला लागली होती. मी नुसता धरून होतो. रस्त्यावर कुणी नव्हतं. रातकिडेही गप्प होते. दार ढिगाकडे येईल अशी गाडी उभी केली, पेटी घासत दारापर्यंत आणली आणि तिथेच फोन वाजला. ड्रायव्हर होता.

‘‘सेठ, सारे एकदम ओतू नका. एकेक ठेवजा.’’

‘‘काहून? ठोक भावात नाही घेत काय तो?’’

मी फोन खिशात टाकला.

मी आयुष्यात कुठलाही सौदा पहिल्या बोलीवर मान्य केलेला नाही. ढिगासमोर उभा राहून मी मोठ्याने म्हणालो, ‘‘हे पाह्य, सारे एकदम घे, आन् आपला विषय संपला.’’ स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटली. पेटी कलती करायला गेलो. ती हलेना. आत्ताच एकट्याने दारापर्यंत ओढलेली पेटी, आता गाडीच्या तळाला खिळल्यासारखी. घामाने हात घसरत असतील, दिवसभराचा थकवा असेल. असेलही.

एकेक करून ठेवले. वाकायचं, ठेवायचं, परत यायचं. शेवटचे दगड तर चाचपडत ठेवले. सगळे संपले तेव्हा मोबाइलचा उजेड ढिगावर टाकला. अख्खी पेटी मी त्याच्यावर रिकामी केली होती. ढीग सकाळ-संध्याकाळ जाता-येता दिसायचा तेवढाच होता. गुडघ्याच्या वर नाही.

ड्रायव्हरला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘तो वाढत नाही, सेठ. म्हनून तर ठेवत राहा लागते.’’

उतरताना गाडी सरळ आली. मी मागच्या आरशात बघितलं नाही.

सकाळी केंद्रावर पहिला नंबर माझा होता. चाकं रुळांवर चढली, फिरली, ब्रेक लागला. दोन्ही बाजूंच्या रेषा पडद्यावर जोडीने वर गेल्या. बाई म्हणाली, ‘‘पास.’’ मग पडद्याकडेच बघत विचारलं, ‘‘उतरवलं कुठं?’’

‘‘जिथं चढलं तिथं.’’

तिने कागद छापून माझ्यापुढे सरकवला. दुपारच्या आत ठेकेदाराच्या हातात कागद ठेवला. साडूची गाडी त्याच्या आवारात धुऊन-पुसून आधीच उभी होती, समोर हारही घातला होता. मी तिच्या बोनेटवर थाप मारून पुढे गेलो. ड्रायव्हर त्याने फोडला नव्हता, हे मला आता कळलं होतं. म्हणून त्याला मी सोडला असं नाही. रूट तर मागितला होताच ना त्याने.

त्या संध्याकाळच्या शिफ्टला मजूर गावागावांतून चढले. वळण आलं तेव्हा मी गाडी थांबवली. टायर बघतो, असं म्हणून उतरलो. टायरवर एक लाथ मारली, खिशातला दगड ठेवला. मिनिटं वाया गेली म्हणून चिडचिडत परत आलो.

आत बसलो आणि आरशात बघितलं. ती म्हातारी दारापासून उठून मागच्या डाव्या सीटवर जाऊन बसली होती. डबा मांडीवर, डोकं काचेला टेकलेलं. गाडी निघायच्या आधीच तिला झोप लागली होती. सीट मोकळी झाली हे तिला कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. काच सकाळी पुसली तशीच स्वच्छ होती.