सुमित्रा विजयी, पंचवीस–अठरा

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. आता भराभर लिहितेय, कारण थांबले तर परत उडवीन.

श्रीरंग काका म्हणजे बाबांचे दिल्लीच्या मंत्रालयातले जुने सहकारी. रिटायर झाल्यावर काका-काकू गुरुग्रामच्या पुढे मानेसरला गेले, कारण मुलगा तिथल्या गाड्यांच्या पार्ट्सच्या फॅक्टरीत होता. मग मुलाची बदली चाकणला झाली, आणि गेल्या हिवाळ्यात सुमित्रा काकू वारल्या. काका मानेसरलाच राहिले, एकटे. वेड एकच, कॅरम. दिल्लीतल्या सरकारी नोकरीवाल्या मराठी लोकांची एक लीग होती, दर रविवारी कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये. कोण कोणाशी खेळणार ते काका ठरवायचे. त्या लीगचा एक पक्का कायदा होता. कुणी टूरवर गेलं तर सामना सोडायचा नाही. समोरच्याने त्याचाही हात खेळायचा, त्याच्याच स्टाइलने, जराही चीटिंग न करता.

मी कॉलेज सांभाळून गुरुग्रामच्या एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप करते. त्यांचं एक टूल आहे. एआय एजंट, म्हणजे माणसाची कामं परस्पर करणारे प्रोग्रॅम, त्याला विचारतात, कुठली मॅच कधी, कोण जिंकलं, आणि ते सांगतं. ते कसं वापरायचं हे लिहून काढायचं काम माझं. उदाहरणासाठी एक लहानशी लीग हवी होती, काका म्हणाले अजून चालू आहे, म्हणून मी बिनधास्त त्यांचीच घातली. काका एकदम खूश! निकाल ते फोनवरून भरायचे, आणि रविवारी सकाळी एजंट त्यांना मराठीत बोलून सांगायचा, आज तुमचा सामना कोणाशी.

एका दुपारी ऑफिसात मी एजंटला सहज विचारलं, मागच्या रविवारी काय झालं?

उत्तर आलं: सुमित्रा विजयी, श्रीरंग पराभूत. पंचवीस–अठरा.

 काकूंच्या अंत्यविधीला मी स्वतः होते यार.

लगेच फोन लावला. "काका, चुकून काकूंचं नाव पडलंय."

"चुकून कसं? जिंकली ती. शेवटच्या बोर्डला राणी घेतली, वर कव्हरपण घेतलं. मी आपला बघत बसलो."

"पण काकू तर..."

"अगं, मला काय वेड लागलंय? गेलेल्याचा हात कोणी खेळायचा? समोरच्याने. मग!" आणि हसले. "तू ये की रविवारी. टाकतो तुझं नाव. फक्त बापासारखी रडी खेळू नकोस."

बिल्कुल येते, म्हटलं. रविवारी असाइनमेंट निघाली. गेले नाही.

संध्याकाळी एजंटचा मेसेज आला. तनया पराभूत, अकरा–पंचवीस. निकाल मान्य आहे का?

माझा हात काकांनी खेळला होता. खाली काकांविरुद्ध खेळलेल्यांची यादी होती. पद्माकर, अंबादास, सुमित्रा, तनया. कोण बदली होऊन गेलंय, कोण कायमचं, यादीवरून काही कळत नव्हतं. मी पलंगावर मॅगी खात बसले होते, आणि तिकडे मानेसरला हरलेही होते.

दुसऱ्या दिवशी माझी टीम लीड देविका माझ्या टेबलापाशी आली. नागपूरची आहे, तोंडावर बोलते. "तनया, आपल्या टूलमध्ये मेलेली बाई मॅच जिंकतेय. ही लीग काढ."

"अगं, एजंट रविवारी काकूंचं नाव घेतो. त्या घरात अजून कोण घेतं सांग? हे काढलं तर काका..."

ती जायला वळली. "शुक्रवारपर्यंत काहीतरी कर. नाहीतर मी काढणार."

मी कॉलेज बुडवून मानेसरला गेले. मेट्रो, मग शेअर ऑटो. काकांनी दार उघडलं. भर दुपारी पडदे ओढलेले, बोर्डवर दिवा, पावडर नुकतीच टाकलेली.

"बस. तिचा बोर्ड संपू दे आधी."

ते टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसले आणि स्ट्रायकर डाव्या हातात घेतला. काकू डावखुऱ्या होत्या. काका नाहीत. एक सोंगटी गेली, दुसरी गेली, हात जराही हलला नाही. मग उठून आपल्या खुर्चीत आले, उजव्या हाताने मारायला गेले, तर तो थरथरत होता. चुकले.

"बघितलंस? ऐकत नाही ती."

"काका, तो डावा हात तुमचाच आहे ना?"

"तो तिच्याकडेच असतो आता," ते म्हणाले. दूध संपलंय म्हणावं तसं.

मग मी खेळले. माझ्या नेहमीच्या स्टाइलपेक्षा मुद्दाम वेगळी खेळले, हळू, राणीला हातच लावला नाही. हरले. अकरा–पंचवीस.

काकांनी बोर्डवरून मान वर केली. "आता मान्य?"

मेट्रोने घरी आले. रात्री एकच सुचलं. टूलमध्ये एक नवा रकाना हवा, सामन्याला प्रत्यक्ष हजर कोण होतं. मग खोटं काहीच राहत नाही. देविकाला पटलं. लीग राहिली. आधीच्या सामन्यांचा रकाना काकांनी भरायचा ठरलं. मी इतकी खूश होते!

आज सकाळी भरून आला. सुमित्रा, हजर. पद्माकर, हजर. अंबादास, हजर. श्रीरंग, गैरहजर. पुढच्या सामन्यात गैरहजर. त्याच्याही पुढच्या. सगळ्यांत.

फोन केला. "काका, तुमच्या नावापुढे चुकलंय."

"नाही गं, नीट बघून भरलंय." मागे स्ट्रायकर आपटल्याचा आवाज आला. "ठेवतो. तिची पाळी आहे."

मी बाबांना घरातल्या चपलांवरच ओढून बाहेर काढलंय. मानेसरच्या शेअर ऑटोत बसून हे लिहितेय, बाबा शेजारी आहेत. तुमच्या ओळखीत असं एकटं कोणी असेल तर प्लीज फोनवर भागवू नका. तो फोन छान उचलतो, हसतोसुद्धा. जा. समोर बसा. तो स्वतःला गैरहजर लिहायला लागायच्या आत जा.