ज्युनियर हॉकी, कॉलेजची फी आणि आमचा तिसरीतला खेळाडू

कॅल्गरीत रिंकच्या बाकांवर आठवड्याला चार तास गारठत बसलं, की किस्से आपोआप साठतात. माझ्याकडचे बहुतेक माझ्याच शहाणपणाचे आहेत.

या वर्षी माझी झोप उडवली ती एका प्रश्नाने. ज्युनियर हॉकी, म्हणजे इथली सोळा ते वीस वर्षांच्या मुलांची आइस हॉकीची लीग, खेळलं, की दर सीझनमागे टीम एका वर्षाची कॉलेजची फी देते. कॉलेजची टीम वेगळी स्कॉलरशिप देते. दोन्ही घेतल्या, तर एकीमुळे दुसरी कमी होते का?

आमचा मुलगा ईशान तिसरीत आहे. आणि शनिवारी वरच्या टीमची ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी होती, त्या ट्रायआउटला जायचंय की नाही हे तो सांगतच नव्हता.

*

पालकांच्या मीटिंगमध्ये सगळे प्रॅक्टिसच्या वेळा विचारत होते. मी हा प्रश्न विचारला. कोच शांतपणे म्हणाला, सध्या त्याने आपल्याच गोलवर शॉट मारणं थांबवलं, तरी आम्हाला पुष्कळ आहे.

*

आमच्या इथल्या, मूळ नागपूरच्या वैशालीताईंचा मुलगा खरोखर ज्युनियर खेळतो. त्यांनी कॉन्ट्रॅक्ट समजावलं. मुलगा पुढे मोठा प्रोफेशनल झाला, तर फीचे पैसे बहुधा जातात.

"म्हणजे फारच चांगला खेळला तर नुकसान?"

"हो नं बाप्पा. पण तू हे टेन्शन नको घेऊ."

त्या धीर देताहेत, असं मला घरी पोचेपर्यंत वाटत होतं.

*

शेवटी एका युनिव्हर्सिटीत फोन केला. तिथल्या बाईंनी छान सांगितलं: दोन्ही घेता येतात, पण एकूण किती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं, लेखी घ्या. मग मुलाचं जन्मसाल विचारलं. मी सांगितलं. कीबोर्डचा आवाज थांबला.

"दहा वर्षांनी करा फोन," त्या म्हणाल्या. "मी रिटायर झालेली असेन, पण एक्स्टेंशन हेच असेल."

*

पुण्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सगळी स्कीम समजावली. त्यांनी नीट ऐकून घेतली.

"एवढ्या थंडीत पहाटे उठायचं, आपटून घ्यायचं, आणि शेवटी अभ्यासच करायचा? मग आत्ताच बसव की त्याला."

माझा नवरा कॅमेऱ्याबाहेर जाऊन हसला.

*

शनिवारी सकाळी रिंकच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. मागच्या सीटवर ईशान, पूर्ण गिअर घालून, उतरायला तयार नाही. जबरदस्ती करायची नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून माझ्याकडचं सगळ्यात मोठं आमिष काढलं. म्हटलं, बघ, मन लावून खेळलास ना, तर पुढे चार वर्षं कॉलेज फुकट.

त्याने हेल्मेट काढलं.

"वेट. आय प्ले गुड, अँड दे गिव्ह मी मोअर स्कूल?"

"हो."

त्याने हेल्मेट बाजूच्या सीटवर ठेवलं.

"अँड इफ आय प्ले बॅड?"