टपालवाल्याची शब्दांची वही

मागच्या महिन्यात एका सकाळी कारंजा गावातल्या आमच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक पोतं येऊन पडलं. भंगारवाले सलीमभाई खेड्यांवरून रद्दी गोळा करतात आणि त्यातली पुस्तकं आमच्याकडे टाकतात. दहावीची गाइडं, चार वर्षांची पंचांगं, कुणाच्या तरी लग्नाचा रिकामा अल्बम... नेहमीचाच माल.

दुकान अब्बांचं. ते गेल्यापासून मी बघते. मराठीत एम.ए. केलेली मुलगी रद्दीत बसते म्हणून नातेवाईक हळहळतात, पण खरं सांगू... पोतं उलटं करताना जी धडधड होते ना, ती मला दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळाली नसती.

त्या दिवशी पोत्याच्या तळाशी एक जाड वही निघाली. पाठीला गोणपाटाची पट्टी शिवलेली. उघडली तर आत शब्दच शब्द, निळ्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात! 'उलंगवाडी' म्हणजे कापूस वेचणीचा शेवट. 'धुरा' म्हणजे दोन वावरांमधला बांध. आणि प्रत्येक शब्दापुढे तो कुणाच्या तोंडून ऐकला तेही... 'विहिरीवरची म्हातारी', 'बंडी हाकणारा माणूस', 'माझी आई, रागात'.

मी तिथेच फरशीवर बसून वाचत राहिले. चहावर साय धरली. पहिल्या पानावर फक्त एवढंच होतं... 'किसन, टपालवाला, इंझोरी'.

अशा वह्या साधारणपणे माणूस गेल्यावरच आमच्याकडे येतात. पण घरच्यांना न विचारता ती शेल्फवर लावायला मन होईना. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा स्कूटी काढली आणि इंझोरी गाठलं.

किसनराव चक्क ओसरीवर बसलेले होते! ऐंशीच्या घरातले, ताठ, पण डोळ्यांनी फारसं दिसत नाही. मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी गोणपाटाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला, ओळखली... आणि माझ्याकडे परत सरकवली.

"काहून आनली? मीच देल्ली होती रद्दीत."

मग हळूहळू कळलं. गावोगाव टपाल वाटताना लोकांच्या तोंडचे शब्द ते टिपून घ्यायचे. किती वर्षं, ते त्यांनाही आठवत नाही. एकदा ती वही सायकलला बांधून ते शहरातल्या एका विद्वान साहेबांकडे गेले. साहेबांनी दोन पानं चाळली आणि हसले. म्हणाले, हे तर अशुद्ध बोलणं... याचा कुणी कोश करतं का? किसनराव सायकलवर परत आले. त्यानंतर एकही शब्द लिहिला नाही. यंदा नवरात्राच्या साफसफाईत पेटीतून वही काढून स्वतःच रद्दीवाल्याला दिली.

मी एम.ए. झालेय आणि यातले निम्मे शब्द मला माहीत नाहीत, असं सांगून पाहिलं. लहान पोराकडे बघून हसतात तसे ते हसले. मग मी हट्टालाच पेटले आणि मधलंच एक पान मोठ्याने वाचायला लागले.

"गंजी... कापलेल्या पिकाचा ढीग. यालाच सुडी असेही म्हणतात."

"मामाजी, चूक लिवलं तुमी."

दारात त्यांच्या सूनबाई, मंदाताई उभ्या होत्या. सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, नुकत्याच वावरातून आलेल्या, पाय धूत होत्या. "सुडीत दाना असते. सोंगलं, रचून ठेवलं, मयनी व्हायची हाये... ते सुडी. दाने काढल्यावर नुसता भुसा, कुटार उरते, त्याची गंजी. दोन्ही एक कशे होतीन? आमच्या माहेरी, रिठदले, कोनी असं म्हनलं तं लोकं हासतीन त्याले!"

'हासतीन' हा शब्द ऐकला आणि मी पटकन किसनरावांकडे पाहिलं. एका हसण्याने या माणसाचं लिहिणं थांबलं होतं... आता पुन्हा?

पण किसनराव भिंतीपासून सरळ झाले. "रिठदले असं म्हन्तात? मंग इतक्या वर्सात सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं कवा?"

किसनरावांनी माझ्याकडे हात केला. "पेन हाये का, बाई?"

मी पेन दिलं. ते वहीवर अगदी नाक टेकेपर्यंत वाकले, पण ओळ दिसेना. पेन घसरून दुसऱ्याच शब्दावर गेलं. त्यांचा हात थांबला... मला वाटलं, संपलं.

मंदाताईंनी पदराला हात पुसले आणि वही आपल्या मांडीवर ओढली. "तुमी सांगा. मी लिवते." बारावीनंतर हातात पेन फक्त सहीपुरतं आलं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पहिली ओळ लिहायला खूप वेळ लागला. 'सुडी. मंदा, रिठद.'

त्यानंतर दोघं मला विसरलेच. एक म्हणायचं असं, दुसरं म्हणायचं छे, तसं नाही! चहा शेवटी मीच केला, त्यांच्याच गॅसवर, डबे हुडकत.

वही अर्थातच तिथेच ठेवून आले.

परवा मंदाताईंचा व्हॉइस मेसेज आला. वावरात दहा-बारा बायका एकाच वेळी बोलतायत, कुठल्याशा शब्दावरून भांडण जुंपलंय, आणि त्या सगळ्या गलक्यावर किसनरावांचा आवाज... "एकएकीनं सांगा ना बायांनो, लिवून राह्यली ना ते!"

मी त्या दिवशी कौतुक घेऊन गेले होते. त्यांना हवं होतं चूक काढणारं माणूस... आणि ते त्यांच्याच घरात, रोज त्यांना जेवायला वाढत होतं. मंदाताई, तुमचे आभार.