शब्द शिडीला, सून बादलीची

माईकमामांचं खरं नाव मतदार यादी सोडली तर कुठे वापरलं जात नाही. त्यांच्या बायकोलाही ते एकदम आठवत नसावं, कारण तीही त्यांना ‘अहो माईक’ अशीच हाक मारते. धंदा लाऊडस्पीकरचा. घराच्या पुढच्या खोलीत पलंगाखाली कर्णे, कपाटावर अॅम्प्लिफायर आणि खिडकीच्या गजाला वायरींची भेंडोळी. पाहुणा आला की आधी खुर्चीवरची बॅटरी उचलावी लागते, मग पाहुण्याला बसवता येतं. पण सामान काय, कुणीही भाड्याने देतं. मामांचा खरा माल म्हणजे त्यांचा गळा. निरोप दोन गल्ल्या पलीकडच्या आईला पोचेल, पण तिच्या मांडीवरचं मूल जागं होणार नाही, असा तो गळा आहे.

पूर्वी या गळ्यावर सगळ्या पक्षांचा सारखा हक्क होता. निवडणूक आली की मामा सकाळी एकाची गाडी फिरवायचे आणि जेवून, घटकाभर लवंडून, दुपारी दुसऱ्याची. विशेषणं तीच. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, अडल्यानडल्याला धावून जाणारे. नाव आणि निशाणी तेवढी बदलायची. गवंडी सगळ्यांचीच घरं बांधतो, मग मामांनी सगळ्यांचाच प्रचार केला तर बिघडलं कुठे, असा लोकांचा सरळ हिशेब होता. एकदा एका उमेदवाराने त्यांना भर चौकात गाठलं. “मामा, सकाळी माझ्याबद्दल बोललात ते खरं, की दुपारी त्याच्याबद्दल बोललात ते?”

“दोन्ही खरं,” मामा म्हणाले. “सकाळी तुम्ही चांगले असता, दुपारी ते.”

चौक हसला, उमेदवारही हसला. आज असं बोलून बघा म्हणावं.

वारं नेमकं कधी फिरलं ते मामांना सांगता येत नाही. गेल्या दहा वर्षांत कधीतरी प्रत्येकाच्या खिशात आपापला कर्णा आला, आणि तो फक्त मालकाला आवडेल तेवढंच बोलू लागला. मामांच्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमन आहेत आणि एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर. दोघं जन्माचे सोबती. फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपवर दोघांची जुंपली आणि बोलणं बंद झालं. फिरायला मात्र अजून एकाच वेळी निघतात. एक रस्त्याच्या या कडेने, दुसरा त्या कडेने, चाल तीच, वळणं तीच, परत येतात तेही एकदमच. दोन म्हाताऱ्यांनी मिळून एवढा मोठा रस्ता अडवायचा म्हणजे काय, असं मामी म्हणते.

लोक आता मामांनाही विचारायला लागले, “तुम्ही आपले की त्यांचे?” पहिल्यांदा त्यांना वाटलं थट्टा चाललीय. “मी बॅटरीचा,” ते म्हणायचे. पण विचारणारा हसायचा नाही, नुसता बघत राहायचा. पक्षांना तयार रेकॉर्डिंग मिळू लागलं, मागे ढोल वाजतोय आणि कुणी अनोळखी माणूस ओरडतोय अशा थाटाचं. मामांचे कर्णे पलंगाखालून निघायचे कमी झाले.

सगळंच बिघडलं असं रडगाणं मात्र कुणी गाऊ नये. पूर्वी बाई उभी राहिली की मामा ‘अमुक यांच्या सौभाग्यवती’ असं पुकारायचे, गाडीत पुढे बसून नवराच हात हलवायचा आणि बाई मागे पदर सावरत बसायची. तिचं नाव मतपेटीशी गेल्यावरच लोकांना कळायचं. आता बाया स्वतः पुढे बसतात आणि ‘मामा, इथे थांबवा, इथली गटार मला बघायचीय’ असं सुनावतात. मामांना हे मनापासून आवडलं होतं. आपल्याच घरून अशी एक निघेल, हे तेवढं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

झालं असं, की यंदाच्या निवडणुकीसाठी डेअरीवाले त्यांच्याकडे फार आधी येऊन गेले. डेअरीवाले हे शिडी निशाणीचे, जुने स्नेही. “मामा, मुलगा म्हणतो रेकॉर्डिंग आणू. मी म्हटलं, मला तुमचाच आवाज हवा. पण एक आहे. यंदा फक्त आमचंच बोलायचं. आता दोन्हीकडचं कुणी खपवून घेत नाही.” अशी अट मामांनी जन्मात मान्य केली नव्हती. पण दुसरं कुणी दारातही आलं नव्हतं, आणि माईक हातात धरायला तर जीव आसुसला होता. त्यांनी शब्द दिला.

मग अगदी शेवटच्या घटकेला समोरच्या बादली निशाणीवाल्यांना साक्षात्कार झाला, की आपल्याला उमेदवार म्हणून घराघरात माहीत असलेलं माणूस पाहिजे. मामांची सून औषधाच्या दुकानात काम करते. कुणाचा रक्तदाब किती, कोण गोळी चुकवतो, कोण पथ्य मोडतो, सगळं तिला तोंडपाठ, आणि काउंटरवरून झापायलाही ती कमी करत नाही. तिला विचारलं, ती तडक हो म्हणाली. संध्याकाळी पेढ्यासारखं गोड तोंड करून घरी आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, “बाबा, बादली! आणि आवाज तुमचाच.”

“अगं, मी शिडीला शब्द दिलाय.”

“मग परत घ्या.”

“शब्द म्हणजे काय वायर आहे, गुंडाळून परत आणायला?”

मामांचा मुलगा मध्ये पडू बघत होता, त्याला दोघांनीही गप्प बसवलं. “आख्ख्या गावाला तुमचा आवाज मिळाला, बाबा,” सून म्हणाली. “घरच्या माणसालाच तेवढा मिळू नये.” आणि ती आत गेली.

त्या दिवसापासून तिचं मामांशी बोलणं बंद झालं. अबोला म्हणजे अगदी रीतसर. “आई, बाबांना सांगा पान वाढलंय,” असं ती मामांच्या समोर बसून मामीला सांगायची. “तिला सांग, कळलं,” असं मामा मामीला सांगायचे. “मी काय तुमची टेलिफोन लाईन आहे?” मामी कावायची. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी मामांची गत झाली होती. शब्द मोडला तर उभ्या आयुष्यातली एकमेव कमाई जाणार होती. पाळला तर घरातली लेक तुटणार होती, कारण मुलगी नसलेल्या त्या घरात सून हीच त्यांची लेक होती. दिवसभर माईकवर बोलून आलेला हा माणूस घरात पाऊल टाकताच मुका व्हायचा, आणि तेच त्याला सोसत नव्हतं.

शब्द त्यांनी पाळला, पण मापात. डेअरीवाल्यांचा मुलगा एक कागद घेऊन आला. त्यात बादलीवालीवर नको नको ते लिहिलेलं. मामांनी तो वाचला आणि खिशातून चष्म्याची डबी काढून चष्मा आत ठेवला. “शब्द तुझ्या वडिलांची स्तुती करायचा दिलाय,” ते म्हणाले. “शिव्या तुझ्या तू दे, माझ्या माईकवर नाही.” मुलाचा तिळपापड झाला. डेअरीवाल्यांनी मात्र मान डोलावली आणि कागद फाडून टाकला.

आणखी एक पथ्य मामा पाळत होते. आपल्या गल्लीत गाडी न्यायची नाही. ड्रायव्हरला त्यांनी पहिल्याच दिवशी ताकीद देऊन ठेवली होती. पण प्रचाराच्या शेवटच्या दिवशी डेअरीवाल्यांचा मुलगा स्वतः पुढे बसला, हातात फोन, व्हिडिओ चालू. “आज तिच्या गल्लीत घुसायचंच. तिच्या दारासमोर शिडीचा आवाज घुमला पाहिजे.” गाडी वळली. पण बोलणं थांबवलं तर शब्द मोडल्यासारखं होईल, म्हणून मामा बोलत राहिले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गाडी कुणाचीही असो, आपल्या गल्लीच्या तोंडाशी आली की मामा माईकवरूनच घरी वर्दी द्यायचे. आधी मामीला, आणि मामीचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून सुनेला. इतकी वर्षं हे चाललं होतं, की प्रचाराचं वाक्य आणि चहाची वर्दी त्यांच्या जिभेवर एकाच दमात यायची. त्या दिवशीही जीभ आपल्या वाटेने गेली. “कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, अडल्यानडल्याला धावून जाणारे आपले डेअरीवाले, यांना शिडीसमोरचं बटण दाबून प्रचंड बहुमताने विजयी करा... सूनबाई, चहा ठेव, आलोच!”

पहिल्या मजल्यावरून कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसण्याची लाटच उसळली. गाडीतले शिडीवाले खाली मान घालून खांदे हलवत होते. डेअरीवाल्यांच्या मुलाचा फोन हे सगळं इमानदारीने गावभर पोचवत होता आणि तो बंद कसा करायचा हे त्याला घाईत सुचत नव्हतं. मामा माईक हातात धरून, पकडलेल्या चोरासारखे उभे.

जरा वेळाने दार उघडलं. सून ट्रे घेऊन बाहेर आली. गळ्यात बादलीचा बिल्ला, कपाळावर आठ्या, आणि ट्रेमध्ये गाडीतल्या सगळ्यांना पुरतील इतके कप. तिने पहिला कप डेअरीवाल्यांच्या मुलाला दिला. “घे रे. घसा बसलाय तुझा, दुकानात ये, चघळायच्या गोळ्या देते.” त्याला नाही म्हणता येईना. मग गल्लीतले लोक खाली उतरले, मामीने आणखी आधण ठेवलं, बादलीवाले आणि शिडीवाले एकाच ओट्यावर टेकले. पोस्टमन आणि ड्रॉइंगमास्तर दोघांनी एकाच कपाला हात घातला. “तुम्ही घ्या,” पोस्टमन म्हणाले. किती काळाने तेवढे दोन शब्द झाले! पुढे पुन्हा बिनसलं म्हणा, पण तेवढे झाले.

मामांना कप सुनेनेच दिला. बोलली मात्र काही नाही.

तो व्हिडिओ त्या दिवशी कुठे कुठे फिरला, देव जाणे. शिडीवाले म्हणाले, म्हाताऱ्याने आतून सुनेचा प्रचार केला. बादलीवाले म्हणाले, सहानुभूती शिडीला मिळावी म्हणून केलेलं हे नाटक आहे. शहाण्या माणसांची अक्कल कशी चालते बघा. सासऱ्याला चहाची तल्लफ आली असेल, हे एकालाही सुचलं नाही.

सून हरली. फार नाही, थोडक्यात, पण हरली. डेअरीवाले जिंकले आणि आधी मामांच्या घरी आले. सुनेने त्यांना पाणी दिलं, अभिनंदन केलं आणि पायावरची सूज मिठामुळे आहे, हेही ऐकवलं. ते गेल्यावर घर सुनं सुनं झालं. मामा पुढच्या खोलीत वायर गुंडाळत बसले. त्यांना वाईट वाटत होतं, आडून कशाला सांगायचं, डोळे भरून येत होते. आपण तिच्यासाठी बोललो असतो तर ती तेवढी मतं इकडे वळली असती का, हा किडा डोक्यातून जात नव्हता. हे कर्णे आता कुणाला तरी देऊन टाकावेत, असंही त्यांनी ठरवत आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून दुकानात जायच्या कपड्यांत त्या खोलीत आली. मामी स्वयंपाकघरात होती, त्यामुळे निरोप न्यायला मध्ये कुणी नव्हतं.

“बाबा, तुमचा शब्द कधीपर्यंत होता?”

मामा दचकले. “मतदानापर्यंत.”

“मग संपला ना? गाडी काढा.”

“आता? अगं, हरलेल्याची गाडी कुणी काढत नाही. आजवर कुणी काढली नाही.”

“ज्यांनी मला मतं दिली, त्यांना सांगायला नको का, मिळाली म्हणून? आणि नाही दिली त्यांनाही सांगायचंय. गोळ्या वेळेवर घ्या म्हणावं, माझ्यावर रुसून दुसऱ्या दुकानात जाऊ नका.” मग म्हणाली, “आणि बाबा, तुम्ही शब्द मोडला असता ना, तर मला त्या दिवशी बरं वाटलं असतं. आज नसतं वाटलं.”

मामा पलंगाखाली वाकले आणि कर्णा बाहेर ओढला.

गाडी चौकात आली तेव्हा दुकानं नुकती उघडत होती. जिंकलेल्यांचा गुलाल असेल म्हणून लोकांनी माना वळवल्या, आणि पुढे सून बसलेली पाहून जागीच थांबले. ड्रॉइंगमास्तर आपल्या कडेला थांबले, पोस्टमन त्यांच्या कडेला. मामांनी माईक तोंडाशी नेला. जिभेवर सगळी विशेषणं ओळीने तयार होती. त्यांतलं एकही त्यांना उचलावंसं वाटेना. इतक्या जणांना वाटलेली ती विशेषणं तिला कशी द्यायची?

“ही माझी सून,” ते म्हणाले. आवाज चौकाच्या टोकापर्यंत गेला. “निवडणुकीत मी दुसऱ्याची गाडी फिरवली. आज तिची फिरवतोय. तिला तुमच्याशी बोलायचंय.”

आणि त्यांनी माईक तिच्या हातात दिला.