आंदणातला मोबाइल

भाचीच्या लग्नात मामाने आंदण म्हणून भांडी द्यावीत, असा आमच्याकडचा रिवाज. मी मोबाइल दिला. दुकानदाराने ईमेल विचारला तेव्हा माझाच सांगितला. त्यात वावगे काही वाटले नाही. शिरपूरला आमच्या घरी आणि रिठदला बहिणीकडे, सगळ्यांच्या फोनमध्ये माझाच ईमेल होता. भावकीत विहीर सामायिक असते, तशी ती सोय होती. मी शाळामास्तर, पासवर्ड माझ्या लक्षात राहील, एवढाच त्यामागचा विचार.

पुढे जावयाने तापलेले उलथणे तिच्या दंडावर टेकवले. त्याआधीचा मार आम्ही ‘संसारात होते असे’ म्हणून पचवला होता. मीच तिची समजूत घालून तिला परत नेऊन सोडले होते. या वेळी ती सासर सोडून निघाली, पण आमच्याकडे आलीच नाही. बहीण रडत बसली, आणि मला फोनमधली हरवलेला मोबाइल शोधण्याची सोय आठवली. उघडून पाहिले. भाचीने सिम बदलले होते, पण मोबाइल अजून माझ्याच खात्यावर होता. कामरगावच्या बाजारामागच्या एका गल्लीत तो ठिपका होऊन दिसत होता.

काही दिवसांनी तिने कोणा प्रवाशाचा फोन मागून मला लावला.

“मामा, एका शिलाईवाल्या बाईकडं राह्यतो. जुनं सिम तोडून फेकलं. व्हाट्सॅप काढून टाकलं. आता माहा पत्ता कोणालेच नाही. तुमाले बी नाही!”

ती हसली. कितीतरी काळाने हसली. माझ्यासमोरच्या पडद्यावर ती गल्ली तेव्हा उघडीच होती.

“बरं केलं, बाई,” मी म्हणालो, आणि एवढेच म्हणालो.

तिला सांगायला हवे होते. सांगितले असते तर ठिपका गेला असता, आणि मला तो रोज पाहायचा होता. मी त्याला काळजी म्हणत असे. एकदा समजूत काढताना बहिणीलाही तो दाखवला. बहिणीने ते मनात ठेवले, पण विहीणबाईंशी फोनवर कडाक्याचे भांडण जुंपले तेव्हा ती बोलून गेली, “माही पोरगी सुखात हाय. माह्या भावाच्या मोबाइलात रोज दिसते!”

त्या रविवारी दुपारी जीप दाराशी थांबली. जावई आणि त्याचा धाकटा भाऊ. जावई म्हणून मी खुर्च्या मांडल्या, पाण्याचा तांब्या पुढे केला.

“मामाजी, गोडीगुलाबीनं इचारून राह्यलो. कुठी हाय ते?”

“मला माहीत नाही.”

“मास्तर असून खोटं बोलता?”

धाकटा हसला. “दादा, छडीबिगर मास्तरलेच याद येत नाही पाय!”

जीपमधला लोखंडी पाना प्रथम माझ्या गुडघ्यावर बसला. मग पाठीवर. मी पडलो तेव्हा तांब्याचे पाणी माझ्या तोंडाखाली पसरले होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. तो अंगठ्याने उघडत असे, म्हणून मी उजवी मूठ आवळली. धाकट्याने ती मूठ उंबऱ्यावर धरली आणि जावई पाना घालत राहिला. हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, कळ नंतर आली. मूठ उघडली. रक्तामुळे ठसा लागेना, तेव्हा त्याने अंगठा माझ्याच सदऱ्याला पुसला आणि पुन्हा टेकवला. मोबाइलने मला ओळखले.

“कामरगाव,” जावई म्हणाला. माझा मोबाइल घेऊन जीप गेली.

शेजाऱ्याने पोलिसांना फोन लावला. तिचा क्रमांक मला ठाऊक नव्हता. शाळेच्या संगणकावर मात्र माझे खाते उघडेच असे. शाळेची किल्ली घेऊन मी लंगडत गेलो आणि डाव्या हाताने एकेक अक्षर शोधून, हरवलेला मोबाइल शोधण्याच्या त्याच सोयीतून, तिच्या मोबाइलच्या पडद्यावर मजकूर पाठवला: ‘ते निघाले आहेत. मोबाइल तिथेच ठेव आणि जा. मामा.’ मग तिचा मोबाइल दुरूनच वाजवला, पुन्हा पुन्हा वाजवला.

तिने वाचले. मोबाइल शिलाई यंत्रावर ठेवून ती नेसत्या कपड्यांनिशी निघाली. शिलाईवाल्या बाईला तिने चला म्हटले, तर बाई म्हणाली, “माहं घर हाय. मी काहून पळू?”

पोलीस पोचण्याआधी ते पोचले. मोबाइल सापडला, पोरगी सापडली नाही. त्यांनी बाईला केसांना धरून गल्लीत ओढले, कापड मोजायच्या लोखंडी पट्टीने तोंडावर मारले, आणि कानातली बाळी पाळीसकट ओढून काढली. यंत्र उचलून तिच्या पायावर टाकले. दोघेही पकडले गेले. आता जामिनावर बाहेर आहेत.

मी बाईच्या पाया पडायला गेलो. तिचा ओठ शिवलेला होता.

“पोरगी गेली ना?” तिने विचारले. “मंग झालं. रडता कायले, मास्तर?”

पुढे, पोलिसांकडून माझा मोबाइल परत मिळाल्यावर, भाचीचा फोन आला, पुन्हा कोणाच्या तरी मोबाइलवरून.

“मामा, तुमाले कवापासून दिसत होतं?”

“पहिल्यापासून.”

“मी फोन केला तवा बी?”

“तेव्हाही.”



“तो मारे तं समोरून मारे, मामा.”

 

“नवा मोबाइल घेतला,” ती पुढे म्हणाली. “ईमेल माहा मीच बनवला. पासवर्ड इचारू नका.”

“नाही विचारणार.”

तिने फोन ठेवला. तो परका क्रमांक पडद्यावर उरला होता. परत लावला असता तर उचलणाऱ्याने गावाचे नाव सहज सांगितले असते. उजवा अंगठा अजून वळत नाही. डाव्याने मी तो क्रमांक पुसून टाकला.