कार्ड कोणतं हाये?

वाशिममधल्या ज्या खाजगी दवाखान्यात मी काउंटरवर बसतो, त्याच्या फाटकाबाहेर एक चाचा बॅगांच्या चेन दुरुस्त करतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. दवाखान्यातून कुणी रडवेलं बाहेर आलं, की हातातलं काम ठेवून ते विचारतात, "रेशन कार्ड कोणतं हाये? पिवळं की केशरी?" मग सांगतात, की या कार्डावर नुसते गहू-तांदूळ नाही, सरकारी योजनेतून ऑपरेशनही फुकट होते. समोरचा कचरला, तर चिडतात. "हक्काचं हाये तुह्या! भीक मांगून राह्यला का?"

परवा रिठदची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. तो पोट धरून फरशीवरच बसला. तिने पिवळं कार्ड पुढे केलं. मालकांनी शिकवलेलं मी म्हटलं, "योजनेतले बेड भरले. पैसे भरत असाल तर पाहू."

ती नवऱ्याला सावरत बाहेर गेली. दोनच मिनिटांत दोघांना घेऊन चाचा आत आले.

"कार्डावर बेड नाही, आन पैसे देल्यावर कुठून निंगते रे?"

"चाचा, मले वरून सांगतात."

"तुह्या मायचं ऑपरेशन कायच्यावर झालं? याच कार्डावर! मीच सांगतलं होतं तिले. तवा तुले कोनी हाकललं?"

सगळी रांग माझ्याकडे पाहत होती. मी मान खाली घालून फॉर्म भरला आणि त्या माणसाला वर पाठवलं.

बेड सकाळपासून रिकामाच होता.