ढकललं की फिरतो

एसी दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाचं कौतुक काय सांगावं! दुसऱ्याच्या दारात याच्या जिभेवर साखर. बाहेरच्या युनिटचा पंखा नुसता घूं-घूं आवाज करतोय, फिरत नाही, असं दिसलं की हा पातं काठीने हलकेच ढकलायचा. फिरलं की म्हणायचा, "मोटर ठणठणीत आहे हो, तिला सुरुवातीचा रेटा देणारा कपॅसिटर तेवढा गेलाय." नवा बसवणं म्हणजे याच्या डाव्या हातचा मळ.

याच्या आईच्या खोलीतल्या एसीचंही नेमकं हेच दुखणं होतं. पण घरच्या म्हातारीला त्याने कपॅसिटर नाही, काठी दिली. "ढकललं की फिरतो ना? नाहीतरी दिवसभर बसूनच असतेस."

म्हातारी गुडघे धरत गॅलरीत जायची, जाळीतून काठी घालायची आणि पंखा फिरला की लहान पोरीसारखी हसायची. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. मग ती खाटेवरून हाक मारायची, "बाळा, तेवढं ढकलून जा रे." "आलोच," म्हणून हा लोकांचे पंखे फिरवायला निघून जायचा.

ऐन उन्हाळ्यात ती गेली. हा ढसाढसा रडला. मग याला आठवलं की आता भेटायला माणसं येतील, त्यांना उकडेल. पिशवीतला कपॅसिटर काढून त्याने उभ्या उभ्या बसवला.

गार खोलीत डोळे पुसत मावशी म्हणाली, "लेकाने शेवटपर्यंत गारव्यात ठेवलं हो माझ्या बहिणीला!"

त्याने मान खाली घातली आणि काठी पायाने खाटेखाली सारली.